घरी बसण्याआधी: पन्नाशीत वाट बदलण्याचा हिशेब

रबाळ्याच्या कारखान्यात व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, कागद नोटीस बोर्डावर लागला, त्या दुपारी कँटीनमधली ताकाची बादली तशीच भरलेली राहिली. मी ४९ वर्षांचा होतो, नोकरीला २४ वर्षं झाली होती. संध्याकाळच्या बसमध्ये जो तो मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसला होता. एवढ्यात भागेल का? मी ऐरोली येईपर्यंत "भागेल" असं ठरवून टाकलं होतं. तीन दिवसांनी वहीत नीट मांडलं तेव्हा कळलं की पैसे साठाव्या वर्षाच्या सुमाराला संपत होते.

आज मी घोडबंदर रोडवरच्या तीन गृहसंकुलांची तांत्रिक देखभाल बघतो. हातात येणारे पैसे जुन्या पगाराच्या निम्म्याहून थोडे जास्त आहेत. झोप पूर्ण होते. पंचेचाळीस ते बावन्नच्या दरम्यान ज्यांना "आता पुरे" वाटतंय, पण पुरे म्हणण्याइतकी पुंजी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे तेवढी पुंजी आहे, त्यांनी खुशाल उपवन तलावाभोवती फेऱ्या माराव्यात.

कंटाळा नेमका कशाचा, ते आधी लिहून काढा

कंपनीच्या डायरीच्या मागच्या पानांवर मी सहा आठवडे दोन रकाने भरले. ज्या कामानंतर जीव आंबला ते डावीकडे, ज्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते उजवीकडे. डाव्या रकान्यात सोमवारचा एमआयएस (वरच्यांसाठी आकड्यांचा अहवाल), अप्रेझलचे फॉर्म, एका बिलावर तीन-तीन सह्या, रात्री दोनला येणारा "साहेब, कंप्रेसर ट्रिप झालाय" हा फोन. उजव्या रकान्यात पंपाचं बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखलं तो दिवस, ईटीपीवरचा, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा, फेस आटोक्यात आणला तो आठवडा, आयटीआयच्या पोरांना कपलिंगचं अलाइनमेंट शिकवलं ती दुपार.

चौथ्या आठवड्यात एक गंमत लक्षात आली. रात्रीच्या फोनचा मला राग नव्हताच. सकाळी त्या बिघाडाचं प्रेझेंटेशन करावं लागे, त्याचा होता. ही नोंद ठेवली नसती तर "रात्री फोन येणार नाही असं काम हवं" म्हणत मी भलत्याच दिशेला गेलो असतो. आत्ताच्या कामातही रात्री फोन येतात. चालतात.

उजवा रकाना कोराच राहत असेल तर राजीनामा लांब ठेवा. आधी दोन-तीन आठवड्यांची सलग रजा घ्या आणि डॉक्टरांकडे जाऊन या. थायरॉइड, साखर, झोप, उदासी ही सगळी मंडळी नोकरीच्या कंटाळ्याचा वेष घेऊन येतात. आणि डाव्या रकान्यात रोज प्रवासच येत असेल, तर कदाचित नोकरीचा पत्ता बदलूनही भागेल. अंधेरीला जाणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्याने महापेत तशीच नोकरी थोड्या कमी पगारावर धरली आणि रिटायरमेंटचा विषयच सोडून दिला.

आकडा

लवकर निवृत्तीच्या गप्पांमध्ये "वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे असले की झालं" हे हमखास ऐकू येतं. हे गणित अमेरिकेतल्या विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराच्या १९९४ च्या लेखावरून आलंय. त्याने तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे घेतले होते आणि निवृत्तीचा काळ ३० वर्षांचा धरला होता. आपल्याला ४९ व्या वर्षी थांबून चाळीस वर्षं काढायची असतात, तीही आपल्या महागाईत. तेव्हा २५ पट हा आपल्यासाठी वरचा आकडा नाही, सुरुवातीचा आहे.

माझाच हिशेब मांडतो, आकडे गोल करून. घरखर्च महिना ७० हजार. पीएफ ४० लाख, म्युच्युअल फंड ३३ लाख, ग्रॅच्युइटी सात लाख, म्हणजे ८० लाख. व्हीआरएसचे कर जाऊन आलेले साडेनऊ लाख वेगळे. २५ पट म्हणजे हवे होते दोन कोटी दहा लाख.

आता गुंतवणुकीवर वर्षाला ९ टक्के आणि महागाई ६ टक्के धरू. हा अंदाज आहे, हमी नाही, आणि करही यात धरलेला नाही. ८० लाखांतून पहिल्या वर्षापासून घरखर्च काढायला लागलो, तर अकराव्या वर्षी खातं रिकामं. वय ६०.

तेच ८० लाख अकरा वर्षं न शिवता ठेवले तर? ९ टक्क्यांनी ते दोन कोटी सहा लाखांच्या आसपास जातात. तोवर ७० हजारांचा खर्चही एक लाख ३३ हजारांवर गेलेला असतो, त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही; या खर्चाने ते पैसे आणखी पंधरा-सोळा वर्षं पुरतात. पण तोवर मुलाचं शिक्षण उरकलेलं असतं. आजच्या भावाने खर्च ५० हजारांवर आला, तर तीच रक्कम साठीनंतर साधारण २४ वर्षं चालते.

हे कागदावर बघितलं आणि डोक्यावरचं ओझं निम्मं झालं. नव्या कामातून मला पुंजी उभी करायची नव्हतीच. ते काम जुने पैसे स्वतः करणार होते. नव्या कामाने फक्त दर महिन्याचं घर चालवायचं, म्हणजे जुन्या पैशाला हात लावायची वेळ येत नाही. आमच्या हिच्या शिकवणीचे १८ हजार येतात. राहिले ५२ हजार. घरात आम्ही या आकड्याला "किमान" म्हणायला लागलो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्याशी ताडून घेतले.

तुमचं "किमान" काढताना अंदाज करू नका. बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढून बसा. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, गणपतीत गावाला जाणं, लग्नातले आहेर, हे सगळे जोडून बारांनी भागा. आमच्या पहिल्या अंदाजात आणि खऱ्या खर्चात ११ हजारांचा फरक निघाला, आणि तो जवळजवळ सगळा या वर्षातून-एकदावाल्या मंडळींचा होता.

मग "किमान"च्या १८ पट रक्कम एफडीत वेगळी ठेवा. माझ्या बाबतीत ५२ हजार गुणिले १८ म्हणजे नऊ लाख ३६ हजार. व्हीआरएसचे पैसे तिथेच गेले. गृहकर्ज चालू असेल तर ते फिटेपर्यंत किंवा हप्ता "किमान"मध्ये बसेपर्यंत पुढे वाचा, पण राजीनामा लिहू नका.

पेन्शनच्या भरवशावर असाल तर तेही बघून घ्या. ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं, सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५ हजार धरली तर २४ वर्षांचे होतात पाच हजार १४३ रुपये, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीची मर्यादा साडेसहा हजारांचीच असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी सुरू करता येते, पण लवकर घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापून.

घरात कसं सांगायचं

आकडा हातात आल्याशिवाय सांगू नका. मी आधीच सांगून बसलो होतो आणि आठवडाभर घरात भांड्यांचा आवाज वाढला होता. वही दाखवल्यावर ही म्हणाली, "अहो, घरी बसणार आहात की काम बदलणार आहात, ते एकदा नीट सांगा. आईंना काय सांगायचं ते मला ठरवता येईल." आईला "बदली झाली" असं सांगितलं. ते फार खोटंही नव्हतं.

तुमच्या हुद्द्यातून काम वेगळं काढा

"डेप्युटी मॅनेजर, युटिलिटीज" हे कारखान्याच्या गेटबाहेर कोणाला कळत नाही. मी एका पानावर हुद्दा न लिहिता फक्त क्रियापदं लिहिली: पंप चालू ठेवतो, सांडपाणी शुद्ध करतो, डिझेल जनरेटर सांभाळतो, ठेकेदाराकडून काम करून घेतो, सरकारी तपासणीची फाइल तयार ठेवतो. मग प्रत्येक ओळीपुढे विचारलं, ठाणे-नवी मुंबईत हे आणखी कोणाला लागतं?

आपल्या भागाचा हा मोठा फायदा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने कमी होत गेले, पण त्यांच्या जागी ऐरोली-महापेत आयटी पार्क आणि डेटा सेंटरं उभी राहिली. वीज, कूलिंग, आग यांची कामं तिथेही तीच आहेत. वाशीला एपीएमसी आहे, उरणच्या बाजूला न्हावा-शेवा बंदर आणि त्याच्या आसपासची गोदामं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. या शेवटच्याबद्दल एक सूचना: "विमानतळात लावतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

माझं लक्ष गेलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवर, हाउसिंग सोसायट्यांवर. घोडबंदरला, खारघरला, पनवेलला चार-पाचशे फ्लॅटची संकुलं आहेत. प्रत्येकात लिफ्ट, पंप, जनरेटर, आगीची यंत्रणा, मोठ्या संकुलात एसटीपी, म्हणजे घरगुती सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. आणि हे सगळं चालवते एक कमिटी, जिचा सेक्रेटरी बँकेत नोकरी करतो आणि रविवारी दोन तास देतो.

मी पहिल्यांदा ज्या संकुलात गेलो, तिथे तळमजल्यावर वास येत होता. आठ महिने तक्रारी, दोन ठेकेदार बदलून झालेले. मी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात एरेशन टाकीतलं (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) पाणी घेतलं आणि अर्धा तास ठेवून गाळ किती खाली बसतो ते पाहिलं. नीट बसेना, रंग काळपट. तो चॉकलेटी असायला हवा. ऑपरेटरला विचारलं, "रात्री ब्लोअर चालू असतो ना?" तो म्हणाला, "वीज वाचवायला अकरा ते सहा बंद ठेवायला सांगितलंय." हवा बंद, की हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि वास सुटतो. ईटीपीवर जे पंधरा वर्षं केलं तेच इथे होतं, फक्त आकार लहान. ब्लोअर पुन्हा चोवीस तास सुरू केले. तीन आठवड्यांत वास गेला, आणि पुढचं काम त्याच कमिटीने शेजारच्या संकुलात मिळवून दिलं.

तुमचं काम वेगळं असेल, पण अशी जागा शोधा की जिथे तुमचं रोजचं ज्ञान समोरच्याला दुर्मिळ वाटतं. खरेदी विभागातला माणूस मध्यम कारखान्यांचे ठेके बघू शकतो. एचआरवाला छोट्या उद्योगांची पीएफ-ईएसआयसीची कटकट सांभाळू शकतो. पंधरा वर्षांचा अनुभव असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" म्हणून शिकवता येतं, पीएचडी लागत नाही. पण ती नेमणूक मुदतीची असते, जास्तीत जास्त चार वर्षं, हे लक्षात ठेवून त्यात उतरा.

नोकरीत असतानाच चाखून बघा

व्हीआरएसच्या अर्जाची मुदत वाढत गेली आणि मला सात महिने मिळाले. ते मी आमच्याच सोसायटीत घालवले. कमिटीत पद रिकामं होतंच. कुठल्या सोसायटीत नसतं? आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) आणि जे रजिस्टर (सभासदांची यादी) यातला फरक मला तिथे कळला. आगीच्या यंत्रणेचा बी फॉर्म परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, हेही तिथेच. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी असतं आणि आमचं सहा वर्षं झालेलं नव्हतं, हे समजलं तेव्हा मी स्वतःच्याच घराकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

सर्वसाधारण सभेत माणसं कशी ओरडतात, हा धडा मात्र कुठल्याच कोर्समध्ये नाही. तो आधी फुकटात घ्या. दोन सभा झेलूनही काम आवडत असेल, तर ते तुमचं.

नोकरीत असताना बाहेर पैसे घेऊन काम करण्याआधी नेमणूक पत्र वाचा. बहुतेक पत्रांत मनाई असते. त्यामुळे या काळात फुकट किंवा स्वतःच्या सोसायटीतच करा. नोकरी सोडल्यानंतर "दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही" असं कलम असेल तर फार घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे असा निर्बंध साधारणपणे टिकत नाही. कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या, रेखाचित्रं यांची गोष्ट वेगळी. पेनड्राइव्ह घरी आणू नका.

आता माझी फजिती. या सात महिन्यांत मी फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या एका खाजगी कोर्सला ६५ हजार भरले. जाहिरातीत "शंभर टक्के प्लेसमेंट" होतं. शिकवणारा मुलगा सत्ताविसाचा, स्लाइड वाचून दाखवायचा, आणि जनरेटरच्या स्लाइडवर मलाच विचारायचा, "सर, तुम्ही सांगता का?" शेवटी प्रमाणपत्र मिळालं, प्लेसमेंट म्हणून एका मॉलमधली रात्रपाळी, पगार २२ हजार. ते प्रमाणपत्र आजवर एकाही कमिटीने मागितलेलं नाही. पैसे भरण्याआधी ज्यांना काम द्यायचंय अशा तीन माणसांना विचारायचं होतं की हा कागद तुम्ही बघता का. तीन फोन. तेवढंही केलं नाही.

शिकायचं ते कुठलं

ज्या परीक्षेशिवाय कायद्याने काम करताच येत नाही, तिला पैसे आणि वेळ द्या. बाकी बहुतेक शोभेचं.

सोसायट्यांच्या कामात राज्याच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखा पदविका) ही परीक्षा आहे, पदवीधरांसाठी, दरवर्षी साधारण मे महिन्यात. तिच्याबरोबरच सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची सीएचएम होते. सोसायट्यांच्या लेखापरीक्षणात जायचं असेल तर जीडीसी अँड ए, पण डिप्लोमा हातात आला की लगेच पॅनलवर नाव लागतं असं नाही, अनुभवाचीही अट असते. मी सीएचएम दिली. अभ्यास ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात केला. १८९३ सालची संस्था, आणि तिथे पन्नाशीचा माणूस पुस्तक उघडून बसला तर कोणी वळून बघत नाही. घरी मात्र दहा मिनिटांनी कोणीतरी गॅस सिलिंडरच्या पावतीबद्दल विचारतं.

म्युच्युअल फंड वितरक व्हायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची ५-ए परीक्षा आणि त्यानंतर एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक. पन्नास टक्क्यांना पास, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. परीक्षा सोपी, पोट भरणं अवघड: एक कोटीची गुंतवणूक तुमच्या हाताखाली आली आणि वर्षाला पाऊण टक्का सुटला, तरी महिन्याचे सव्वासहा हजार. आणि तो कोटी सुरुवातीला नातेवाइकांकडूनच येतो, त्यामुळे बाजार पडला की लग्नकार्यात जेवण गोड लागत नाही. घरांची दलाली करायची तर महारेराचं (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचं) प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी. त्याशिवाय प्रकल्पातली घरं विकणं बेकायदा. रसायन कारखान्यातल्यांनी औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेचा विचार करावा, विशेषतः वय पंचेचाळीसच्या आत असेल तर. ऑडिटरच्या कामात जायचं असेल तर आयएसओ लीड ऑडिटरचा कोर्स पाच दिवसांचा असतो, पण पुढे वर्षातले निम्मे दिवस बॅग घेऊन फिरायची तयारी हवी.

सोडताना

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवा: शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ५२ हजारांवर २४ वर्षांचे सात लाख २० हजार. वीस लाखांपर्यंत त्यावर कर नाही. व्हीआरएसच्या रकमेत करमाफी पाच लाखांपर्यंतच, आणि तिच्या अटींपैकी एक अशी की त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा नोकरी धरायची नाही. "आमच्याच ग्रुपमध्ये कन्सल्टंट म्हणून घेऊ" असं कोणी म्हणालं, तर आधी सीएला विचारा. ५५ ते ६० च्या दरम्यान सुटणाऱ्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येतात, साठीची वाट न बघता.

पीएफ काढून घेण्याचा मोह आवरा. नोकरी सुटली तरी ५८ पर्यंत खात्यावर व्याज चालू राहतं. फक्त सुटल्यानंतरचं व्याज करपात्र, ते विवरणपत्रात दाखवा. एकदा बँकेत आलेले चाळीस लाख कोणाकोणाला दिसतात आणि कोणाकोणाला गरज पडते, ते मी इथे लिहीत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती आरोग्य विम्यात. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवसाबरोबर संपते. पन्नाशीत रक्तदाब असतोच, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी दोन वर्षं आधी स्वतःची पॉलिसी घ्यायला हवी होती, घेतली सोडताना. मधल्या काळात आईच्या मोतीबिंदूचे पैसे खिशातून गेले. ज्यांना अजून अवधी आहे त्यांनी वैयक्तिक पॉलिसी आजच सुरू करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटीही नाही. ज्यांना अवधी नाही, त्यांनी सोडण्याआधी कंपनीच्याच विमा कंपनीला विचारावं की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत कसं येता येईल. रक्तदाब, साखर लपवू नका. एजंट "लिहू नका" म्हणाला तर एजंट बदला.

आणि हँडओव्हर मन लावून द्या. माझं दुसरं काम जुन्या कंपनीच्या स्टोअर्समधल्या माणसाच्या भावजीने दिलं.

कागदपत्रं, थोडक्यात

एकट्याने काम करायचं तर फार पसारा लागत नाही. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) लागत असेल तर वीसपेक्षा कमी कामगारांसाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी आधारवर, पूर्ण मोफत. त्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नसतात. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी, वर्षाला अडीच हजार. सेवांमध्ये उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. घरून डबे, लोणची, फराळ करणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी. सोसायटी वर्षाला ५० हजारांच्या वर फी देत असेल तर १० टक्के टीडीएस कापते. त्यामुळे हातात येणारी रक्कम मोजताना फसू नका. तांत्रिक सल्लागाराला निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोपी पद्धत आहे, तशी निवडली तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. नवं स्वतंत्र चालू खातं उघडा. घरातलं आणि कामातलं एका खात्यात मिसळलं की "किमान" कळेनासं होतं.

पहिली दीड वर्षं

फी सांगताना माझी जीभ अडखळायची. चोवीस वर्षं पगार दुसऱ्याने ठरवला होता. पहिल्या कमिटीला मी आठ हजार म्हणालो, त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि तेव्हाच कळलं की कमी सांगितलं. आता पद्धत अशी: "किमान" भागिले तीन कामं, त्यावर एक चतुर्थांश जास्त, कारण महिना-दोन महिने एखादं काम सुटतंच. माझ्या बाबतीत ते साधारण २२ हजार होतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागा. सोसायटीत खजिनदार गावाला गेला की चेकही गावाला जातो.

वयाचा प्रश्न येतो, पण वेगळ्या बाजूने. आमच्या एका संकुलाचा चेअरमन ३४ वर्षांचा आहे. मी पहिल्याच बैठकीत "आमच्या कंपनीत असं करायचो" हे वाक्य चार वेळा म्हणालो. बाहेर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "काका, ती कंपनी आता बंद आहे ना?" त्या दिवसापासून ते वाक्य सोडलं. तो मला काका म्हणतो, मी त्याला साहेब म्हणत नाही. नावापुढे "जी" लावून दोघांचंही भागतं.

पहिल्या सहा महिन्यांची माझी सरासरी कमाई १९ हजार, पुढच्या सहांची ३७, दीड वर्ष भरताना ५५. मधल्या तुटीला एफडी होती. ती साधारण साडेतीन लाखांनी खाली आली, संपली नाही.

ही तारीख आधीच ठरवा. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर अठराव्या महिन्याच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: "किमान आलं नाही तर नोकरी शोधणे सुरू." कुठे शोधायची त्या चार जागांची नावंही पानाच्या मागे लिहिली होती, कारण तेव्हा निराश असू आणि आठवणार नाहीत, असं हिचं म्हणणं. त्या महिन्यात मी सलग तीन महिन्यांच्या जमा रकमांची बेरीज करून तिनाने भागली, आकडा ५४ हजार ६०० आला, आणि हिने खोडरबर आणून दिला.